जुन्या खांबाला आणि स्लॅबला यूएचपीसीचा थर कसा द्यावा

यूएचपीसी म्हणजे अतिउच्च क्षमतेचं काँक्रीट. दाबात १२० ते १५० मेगापास्कल (चौरस मिलिमीटरवर तेवढे न्यूटन) आणि त्याहून वर, तडा गेल्यावरही आतल्या पोलादी तंतूंच्या जोरावर ५ मेगापास्कलच्या आसपास किंवा जास्त ताण धरणारं, आणि इतकं घट्ट की पाणी व क्षार आत शिरायला फार वेळ लागतो. नेहमीच्या काँक्रीटचं जॅकेट करायचं तर साधारण १०० मिमी जाडी लागते, तिथे याचं ३० ते ५० मिमीत भागतं. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों इथल्या जुळ्या पुलांचा स्लॅब अल्कली-सिलिका प्रक्रियेमुळे (सिमेंटमधले अल्कली आणि खडीतली सिलिका यांच्यात होणाऱ्या, काँक्रीट फुगवणाऱ्या क्रियेमुळे) कमकुवत होऊ लागला, तेव्हा २०१४-१५ मध्ये त्यावर सळयांसह फक्त ४० मिमीचा असा थर टाकून दोन किलोमीटरहून लांब पूल मजबूत केले गेले.

काम फसतं ते बहुधा जोडावर. चाचणीचा ठोकळा (क्यूब) दीडशे मेगापास्कल दाखवतो आणि थर मात्र हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजतो. म्हणून इथे मिश्रणाइतकाच भर जुन्या पृष्ठभागावर दिला आहे.

आधी जुन्या काँक्रीटची परीक्षा

कोअर, म्हणजे यंत्राने कापून काढलेला गोल नमुना, घेऊन ताकद बघा. फिनॉल्फथॅलिन हे रंग दाखवणारं रसायन फवारून कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म जाणं) सळईपर्यंत पोचलं आहे का ते बघा: गुलाबी झालेला भाग अजून अल्कधर्मी आहे, रंग न आलेल्या भागाने सळईचं संरक्षण गमावलं आहे. हाफ-सेल चाचणीत (सळईचं विद्युत विभव मोजून गंजाचा अंदाज घेतात ती) तांबे-सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. सळईच्या पातळीवर क्लोराइड सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्याच्या वर असेल, तर ते काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढूनच पुढे जायचं. क्षार भरलेलं काँक्रीट आत ठेवून वरून उत्तम थर चढवला की दुरुस्त केलेल्या भागाच्या कडेला, जुन्या भागात, गंज उलट जोरात सुरू होतो.

मग ओढून बघायची चाचणी, म्हणजे पुल-ऑफ. तयार केलेल्या पृष्ठभागावर ५० मिमी व्यासाची चकती चिकटवून ओढा. दीड मेगापास्कल मिळाले तर उत्तम. एक मेगापास्कलच्या आतच जुनं काँक्रीट तुटत असेल, तर त्यावर यूएचपीसी घालण्यात पैसा जातो आणि हाती काही लागत नाही. आणखी खोल जाऊन पक्कं काँक्रीट शोधा किंवा दुसरी पद्धत निवडा. पाया खचत असेल, तडे त्यामुळे वाढत असतील, तर जॅकेटचा विचार पाया सावरल्यानंतरच.

एक हिशेब डिझाइन करणाऱ्याने टाळू नये, तो म्हणजे ताठपणाचा. ३०० × ३०० मिमीच्या खांबाला चारी बाजूंनी ४० मिमीचा थर दिला की तो ३८० × ३८० होतो. जुन्या काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचं माप) २५ आणि यूएचपीसीचा ४५ गिगापास्कल धरला, तर तडा न गेलेल्या खांबाचा वाकण्यातला ताठपणा जवळजवळ पावणेचार पट होतो. भूकंपात भार ताठ खांबांकडे ओढला जातो. त्यामुळे एका मजल्यावरचे दोनच खांब जाड करून बाकीचे तसेच सोडले, तर त्या दोन खांबांवर आणि त्यांच्याखालच्या पायावर आधी नव्हता एवढा भार येतो. पूर्ण इमारतीचं मॉडेल पुन्हा सोडवल्याशिवाय खांब निवडू नका. फक्त खांबाला आवळून धरायचं असेल, ताठपणा वाढवायचा नसेल, तर जॅकेट वर-खाली १०-२० मिमी फट ठेवून थांबवतात, म्हणजे ते थेट भार घेत नाही.

भार उतरवा

हे बरेचदा राहून जातं. नवा थर फक्त तो घट्ट झाल्यानंतर येणारा भार घेतो. खांबात आज जो दाब बसलेला आहे तो तसाच जुन्या काँक्रीटमध्ये राहतो. म्हणून वरच्या मजल्यांवरचं सामान, पाण्याच्या टाक्या जमेल तेवढ्या रिकाम्या करा, टेकू लावा, आणि डिझाइनमध्ये सांगितलं असेल तर जॅकने भार मोजून उचला. टेकू नुसते टेकवून ठेवले तर ते भार घेत नाहीत. जॅक, पाचर किंवा स्क्रूने त्यांच्यात भार भरावा लागतो. टेकूखालची जमीन किंवा खालचा स्लॅब तो भार पेलेल ना, हेही तपासा.

पृष्ठभाग: इथे वेळ घालवा

गिलावा, रंग, जुने पॅच, तेलाचे डाग सगळं काढायचं. मग काँक्रीटचा वरचा मऊ थर काढून खडी उघडी पाडायची. उंच-सखलपणा ३ ते ५ मिमी हवा. जिथे कातरबल जास्त आहे तिथे ६ मिमी. गिलाव्याआधी मारतात तसे चार-चार इंचांवर टाचे मारून हे होत नाही. टाच्यांच्या मधला गुळगुळीत भाग तसाच राहतो आणि नेमका तिथून थर सुटतो.

सगळ्यात चांगली पद्धत उच्च दाबाच्या पाण्याची. पाणी कच्चं काँक्रीट उडवतं, पक्कं सोडतं, आणि सळईला इजा करत नाही. ती शक्य नसेल तर चिपिंग हातोडा ७ किलोच्या आतला वापरा. मोठ्या ब्रेकरने काम पटकन होतं, पण आघाताने खडीच्या भोवती बारीक तडे पडतात. वरून पृष्ठभाग सुंदर खडबडीत दिसतो आणि पुल-ऑफमध्ये जोडाच्या दोन-तीन मिमी खालून पापुद्रा निघून येतो. म्हणून चिपिंगनंतर वाळूचा मारा किंवा पाण्याचा दाब देऊन तो दुखावलेला थर काढायलाच हवा.

सळई अर्ध्याहून जास्त उघडी पडली किंवा गंजलेली असेल तर तिच्या मागे २० मिमी मोकळं करा, पांढऱ्या धातूपर्यंत घासा आणि व्यास मोजा. कमी झालेल्या व्यासाचा हिशेब डिझाइनमध्ये धरून नवी सळई द्यायची.

ओतण्याआधी पृष्ठभाग २४ तास सतत ओला ठेवा. ओतताना तो आतून भिजलेला पण वरून पाणी न चमकणारा हवा. कोरडं जुनं काँक्रीट थरातलं पाणी शोषून घेतं, आणि यूएचपीसीमध्ये शोषायला द्यावं इतकं जादा पाणी नसतंच; जोडाजवळचा पट्टा कच्चा राहतो. उलट खळग्यात साचलेलं पाणी तिथलं मिश्रण पातळ करतं. ते हवेच्या झोताने किंवा व्हॅक्यूमने काढा. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येत नाही ना, हे पांढऱ्या फडक्यावर झोत मारून बघा.

जोडासाठी सिमेंटची स्लरी किंवा इपॉक्सी लावायचा मोह टाळा. नीट खडबडीत आणि भिजवलेल्या पृष्ठभागाला यूएचपीसी स्वतःच घट्ट धरतं. लावलेली स्लरी ओतण्याआधी सुकली की तीच दोन थरांमधला पडदा बनते.

सळया आणि जाडी

नेहमीचे तंतू १३ मिमी लांब आणि ०.२ मिमी जाड असतात. दोन सळयांमध्ये, तसंच सळई आणि शटरिंगमध्ये, तंतूच्या दीडपट म्हणजे २० मिमी जागा मोकळी हवी. कमी असेल तर तंतू सळईवर अडकून जाळी तयार होते, मागे नुसतं मॉर्टर पोचतं. ४० मिमीच्या थरात १६ मिमीच्या सळया दाटीने बसवणं म्हणूनच चुकीचं. ८ ते १२ मिमीच्या सळया मोकळ्या ठेवा.

यूएचपीसीत सळई फार कमी लांबीत पकडली जाते. सळईवर व्यासाच्या तिप्पट कव्हर (सळईबाहेरची काँक्रीटची जाडी) असेल तर व्यासाच्या ८ पट, आणि कव्हर दुप्पट ते तिप्पट असेल तर १० पट लांबी पुरते, असं अमेरिकेच्या फेडरल हायवे खात्याच्या मार्गदर्शनात दिलेलं आहे. पायात किंवा तुळईत जाणाऱ्या टोकाला मात्र ही सवलत नाही. तिथे सळई जुन्या काँक्रीटमध्ये आहे, त्यामुळे भोक पाडून इपॉक्सीत बसवताना लांबी जुन्या काँक्रीटच्या हिशेबानेच घ्यायची.

स्लॅबवर ४० मिमीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो जादा वजन. कॅंटिलिव्हरच्या आणि आधारावरच्या भागात ताण वरच्या बाजूला असतो, तिथे हा थर आणि त्यातल्या सळया थेट उपयोगी. गाळ्याच्या मध्यभागी ताण खालच्या बाजूला असल्याने वरचा थर फक्त खोली वाढवतो, फायदा मर्यादित. थराच्या कडांना इपॉक्सीत बसवलेले डॉवेल (दोन थर जोडणाऱ्या आखूड सळया) द्या, कारण आकुंचनाने थर सुटायला सुरुवात कडेपासूनच होते.

इमारतीच्या आत आगीचा विचार करावा लागतो. इतक्या घट्ट काँक्रीटमधून वाफ बाहेर पडू शकत नाही आणि थर स्फोटासारखा फुटू शकतो. घनमीटरला साधारण २ किलो पॉलीप्रॉपिलीन तंतू घातले तर ते आगीत वितळून वाफेला वाट देतात. त्या मिश्रणाची आगीची चाचणी झालेली असावी.

शटरिंग

यूएचपीसी पाण्यासारखं वाहतं आणि बराच वेळ पातळ राहतं. म्हणून दाब पूर्ण द्रवाचा धरायचा: ३ मीटर उंचीला तळाशी दर चौरस मीटरवर साडेसात टन. नेहमीच्या खांबाच्या पट्ट्या याला पुरत नाहीत. पट्ट्यांमधलं अंतर तळाकडे कमी करत या. सांधे सिलिकॉनने किंवा फोमच्या पट्टीने बंद करा आणि आदल्या दिवशी पाणी भरून गळती बघा; तेच पाणी पृष्ठभागही भिजवतं. ओतण्याआधी ते तळाच्या भोकातून पूर्ण काढून टाका. प्लाय फिल्म चढवलेला हवा. कोरडं उघडं लाकूड पाणी ओढतं आणि थराचा चेहरा पिठूळ होतो.

मिश्रण

तयार कोरडं मिश्रण पोत्यात मिळतं आणि पहिल्यांदा काम करणाऱ्यांनी तेच घ्यावं. त्यात काय असतं हे कळावं म्हणून, बऱ्याच संशोधनात वापरलेलं एक प्रमाण एका घनमीटरसाठी असं: सिमेंट ७१२ किलो, सिलिका फ्यूम (सिलिकेची अतिबारीक पूड) २३१, क्वार्ट्झ पावडर २११, बारीक वाळू १०२०, सुपरप्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणारं रसायन) ३०.७, अ‍ॅक्सिलरेटर (लवकर घट्ट करणारं रसायन) ३०, पाणी १०९ आणि पोलादी तंतू १५६ किलो. खडी नाहीच. तंतू घनफळाने २ टक्के.

या आकड्यांत पाणी बघा. वाळूत ३ टक्के ओल असेल तर तिच्यातूनच ३० लिटर पाणी येतं, म्हणजे मोजून घालायच्या पाण्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. उघड्यावर ठेवलेली वाळू इथे चालत नाही. भट्टीत सुकवलेली, पोत्यात बंद असलेलीच हवी. पाणी बादलीने नाही, वजनकाट्यावर मोजायचं.

वर हिशेब केलेला ३०० मिमीचा खांब ३ मीटर उंच धरला, तर नुसतं नव्या कड्याचं घनफळ ०.१६३ घनमीटर भरतं. पण खांबाचा घेर १.२ मीटर, म्हणजे ३.६ चौरस मीटर पृष्ठभाग सरासरी ५ मिमी खोल काढला तर त्यात आणखी ०.०१८ घनमीटर जातात. सांडलवंड धरून ०.२ घनमीटरची तयारी ठेवा: सिमेंट १४२ किलो, सिलिका फ्यूम ४६, क्वार्ट्झ पावडर ४२, वाळू २०४, तंतू ३१, पाणी पावणेबावीस किलो, प्लॅस्टिसायझर आणि अ‍ॅक्सिलरेटर सहा-सहा किलो. एकूण अर्धा टन.

साधा ड्रम मिक्सर याला चालत नाही, पॅन मिक्सर (स्थिर तव्यात पाती फिरणारा) लागतो. तोही क्षमतेच्या निम्म्यापर्यंतच भरा, कारण पावडर ओली होऊन द्रव होण्याच्या आधीच्या टप्प्यात मोटरवर जबर भार येतो. क्रम असा:

१. सगळी पावडर आणि वाळू ३ ते ५ मिनिटं कोरडी फिरवा. सिलिका फ्यूमचे गोळे इथेच फुटले पाहिजेत.
२. पाण्यात निम्मा प्लॅस्टिसायझर मिसळून एक-दोन मिनिटांत ओता. उरलेला थोड्या वेळाने.
३. आता वाट बघा. आधी काहीच होत नाही असं वाटतं, मग रवाळ ओले गोळे बनतात, त्यांचा घट्ट गोळा होतो, आणि अचानक सगळं सैल होऊन चकचकीत प्रवाही होतं. याला ५ ते १५ मिनिटं लागू शकतात. नेमकं या टप्प्यावर घाबरून पाणी वाढवलं जातं. वाढवू नका.
४. प्रवाही झाल्यावरच अ‍ॅक्सिलरेटर, आणि मग तंतू चाळणीतून हळूहळू भुरभुरा. पूर्ण पोतं उलटं केलं तर गुंते होतात आणि ते मिक्सरमध्ये सुटत नाहीत.

तापमान ३० अंशांच्या खाली ठेवा. फिरवण्याच्या घर्षणानेच मिश्रण तापतं. उकाड्यात काही किंवा सगळ्या पाण्याऐवजी तेवढ्याच वजनाचा बर्फ घाला आणि पोती सावलीत ठेवा.

दर बॅचचा फैलाव बघा. छोटा शंकू उचलल्यावर, टेबलाला धक्के न देता, २०० ते २५० मिमी पसरला तर ठीक. २०० च्या खाली कोपऱ्यात पोचत नाही. २५० च्या बराच वर गेला तर तंतू तळाशी बसतात; पसरलेल्या चकतीच्या मधोमध तंतूंचा ढीग आणि कडेला नुसतं पाणेरी वर्तुळ दिसलं तर ती बॅच टाकून द्या. उताराच्या स्लॅबसाठी वेगळं, हलवल्यावरच वाहणारं मिश्रण मागवावं लागतं.

सिलिका आणि क्वार्ट्झची धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करते, त्यामुळे घट्ट बसणारा श्वसन-मास्क घातल्याशिवाय पोतं फोडू नये. तंतू सुईसारखे टोचतात: जाड हातमोजे, चष्मा, बंद बूट.

ओतणं

एकाच बाजूने ओता आणि पुढे सरकू द्या. तंतू वाहण्याच्या दिशेला आडवे होतात. दोन बाजूंनी ओतलेले प्रवाह जिथे भेटतात तिथे तंतू ती रेघ ओलांडत नाहीत, आणि पुढे तडा तिथेच पडतो. म्हणून खांबात एका कोपऱ्यातून ओतत मिश्रण भोवती फिरून येऊ द्यावं, किंवा तळाच्या तोंडातून पंपाने वर चढवावं. तळातून चढवताना हवा वर ढकलली जाते, पोकळ्या कमी राहतात. वरती तुळईखाली पूर्ण भरण्यासाठी ओतायचं तोंड २०० ते ३०० मिमी वर काढा आणि उलट्या बाजूला हवेची नळी ठेवा.

व्हायब्रेटरची सुई आत घालू नका. ती काढल्यावर मागे तंतू नसलेला खड्डा भरून येतो, बाहेरून कळतही नाही. शटरिंगवर रबरी हातोडीने हलकं ठोकणं पुरे.

दुसरी बॅच पहिलीवर १५-२० मिनिटांच्या आत यायला हवी. उघड्या पृष्ठभागावर काही मिनिटांतच साय धरते. उशीर झाला तर सळईने ती मोडून तंतू दोन्ही थरांत मिसळा, मगच पुढे ओता.

स्लॅबवर थर ओतताच मागोमाग प्लास्टिक किंवा झाकणाचं शटरिंग टाका. नंतर झाकू म्हटलं की वर जाळीसारखे तडे येतात. थर ३ ते ६ मिमी जादा ओतून, ताकद ७० मेगापास्कलच्या वर गेल्यावर घासून पातळी आणणं हा सरळ मार्ग. करणीने वर गुळगुळीत करत बसलं तर साय फाटते.

क्युरिंग, चाचणी, टेकू

या काँक्रीटचं आकुंचन मुख्यतः स्वतःच्याच रासायनिक क्रियेने होतं, तेही पहिल्या काही दिवसांत. जुनं काँक्रीट आकुंचून झालेलं असतं, ते नव्या थराला हलू देत नाही. वरून पाणी मारून हे आकुंचन थांबत नाही; क्युरिंगने फक्त सुकण्यातून होणारी भर टळते. ७ दिवस झाकून ओलं ठेवा. थंडीत घट्ट व्हायला चोवीस तासांहून जास्त लागू शकतात, त्यामुळे शटरिंग घड्याळ बघून नाही, नमुन्याची ताकद बघून काढा.

नमुने ७५ मिमी व्यासाचे आणि १५० मिमी उंचीचे सिलिंडर घ्या. १५० मिमीचा क्यूब १५० मेगापास्कलला फोडायला ३३७५ किलोन्यूटन लागतात, बऱ्याच प्रयोगशाळांच्या यंत्राची धाव २००० ते ३००० पर्यंतच असते. ७५ मिमीच्या सिलिंडरला सुमारे ६६० किलोन्यूटन पुरतात. टोकं घासून सपाट करा. गंधकाची टोपी काँक्रीटच्या आधी फुटते आणि आकडा खोटा येतो.

सात दिवसांनी सगळा थर हातोडीने ठोकून बघा, पोकळ वाजणारी जागा खडूने आखा. पुल-ऑफ करताना कोअर जोड ओलांडून जुन्या काँक्रीटमध्ये किमान १० मिमी जाऊ द्या, नाहीतर जोडाची परीक्षा होतच नाही. तुटल्यावर फक्त आकडा लिहू नका, कुठून तुटलं तेही लिहा: जुन्या काँक्रीटमधून तुटलं तर जोड उत्तम, जोडावरच स्वच्छ सुटलं तर पृष्ठभागाची तयारी कमी पडली. कोअरच्या बाजूवर तंतू खाली जास्त आणि वर विरळ दिसले तर मिश्रण फार पातळ होतं.

पृष्ठभागावर काही आठवड्यांनी तांबूस ठिपके दिसतील. ते बाहेर आलेल्या तंतूंच्या टोकांचे, आत गंज जात नाही. हात लागणाऱ्या उंचीवर टोकं घासून लेप द्या.

सिलिंडर १०० मेगापास्कलच्या जवळ पोचेपर्यंत टेकू काढू नका. काढताना एका वेळी थोडे, कॅंटिलिव्हरला मोकळ्या टोकाकडून आणि गाळ्याला मध्यापासून आधाराकडे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर खाली वाकल्याचं माप डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या उपकरणावर) नोंदवा. माप डिझाइनमधल्या आकड्यापेक्षा जास्त आलं तर तिथेच थांबून टेकू परत घट्ट करा.